दोन बाजूंचा बडग्या

नागपूर
२२ ऑगस्ट १९७३

बाईले रुपरावचा दंडवत, भाऊजीले नमस्कार.

तुह्या नातवायसाठी दोन लाकडी बैल मोटारीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. पोळ्याच्या आधी उतरवून घेजो. एकाचं शिंग जरासं वाकडं निघालं, पण साग होय, आपटलं तरी फुटत नाही. कोणी विचारलं तर सुताराचं नाव घेऊ नको, बैलच तसा होता म्हण.

आता खरी बातमी. मागच्या साली वाजंत्रीवरून मोहल्ल्यात डोकी फुटली होती ना, तेव्हापासून आमच्याकडे शांतता समिती बसते. दर रविवारी, भैयाजी धान्यवाल्याच्या माडीवर. आपल्याकडून भैयाजी मुख्य, तिकडून हाजी सुभानसाहेब. मीही आहो, अन् आपला नबी टेलरही आहे. एक जण गीतेतलं वाचते, एक जण कुराणातलं वाचते, मंग चहा येते, अन् चहा पिऊन सारे घरी. मी म्हटलं, बाप्पा, याच्यानं काय होते? लोकायले डोळ्यानं दिसन असं काही करा.

तुले याद असन, लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, रोगराईच्या पुतळीच्या, मागून बडगे निघायचे. ज्याचा राग त्याचा पुतळा. महागाईचा, पटकीचा, चोट्ट्या पुढाऱ्याचा. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत लोक त्याले गावाबाहेर नेऊन जाळायचे. तर यंदा समितीचा बडग्या निघून राहिला. नाव त्याचं दंगा. सात हात उंच. उजवं अंग हिंदूचं, धोतर अन् पांढरी टोपी. डावं अंग मुसलमानाचं, चौकड्याची लुंगी अन् जाळीची टोपी. मधोमध शिवण. हिंदूचे अन् मुसलमानाचे पोट्टे मिळून त्याले चपला-झाडूनं झोडपतीन अन् शेवटी दोघं मिळून काडी लावतीन. डोकं सारं माह्यं एकट्याचं होय बाई. माडीवर टाळ्या पडल्या.

एक नबीच आडवा आला. म्हणे, "रुप्या, दंग्याले कपडे घालू नको. नागडा बांबूच राहू दे. कपडे घातले का ते कोणाचे तरी होतात." मी म्हटलं, तू शिव, डोकं लावू नको. तीन दिवस तोंड फुगवून बसला. पण शिवून राहिला. आमची एकच भिंत, त्याची मशीन चालते ते मले ऐकू येते.

तू मिरवणूक पाहाले आली असती तर बरं झालं असतं. भावाचं नाव निघन.

तुहा रुपराव

*

मौदा
२६ ऑगस्ट १९७३

रुपरावले आशीर्वाद.

बैल पोचले. वाकड्या शिंगाचा लहान्या नातवानं घेतला, म्हणे हाच खरा मारका. तुह्या सांगण्यावरून मी बैलालेच दोष दिला. लहानपणी मायची घागर फोडली तेव्हाही तू पाण्यालेच दोष दिला होता.

बडग्याचं वाचलं. माह्यं चौथीपर्यंतचं डोकं, समितीत बसणाऱ्यायले मी काय सांगू? पण नबी आडवा आला म्हणते तर ऐकत काहून नाही गा? कापडाचं त्याले कळते. माह्या लग्नाची चोळी त्यानंच शिवली होती, तेव्हा मिशीही फुटली नव्हती त्याले. म्हणे, बाई, काखेत दोन बोटं जास्ती ठेवतो, नव्या घरी काम पडन. ती चोळी मले अकरा वर्षं पुरली. असा माणूस काही म्हणते तर उगाच नाही म्हणत.

मी काही येत नाही. धानाले पाणी देणं आहे अन् तुह्या भाऊजीचे गुडघे धरले आहेत. नबीच्या हमीदाबीले म्हणजो, लिंबाचं लोणचं ठेवलं आहे तिच्यासाठी.

प्रयागबाई

*

नागपूर
३ सप्टेंबर १९७३

बाईले दंडवत.

आम्ही जिवंत आहो. हे पहिले लिहितो. कर्फ्यू आज दोन घंटे उठला, तेवढ्यात पत्र टाकून राहिलो.

पेपरात आलं असन. पेपरात कमी आहे. चौकापर्यंत सारं चांगलं होतं. हाजीसाहेबायनं नारळ फोडला, भैयाजीनं गुलाल टाकला. चौकाच्या पुढं रस्त्याच्या डाव्या हाताले त्यायची वस्ती आहे, उजव्या हाताले आपली. तिथं पोट्ट्यायनं बडग्याले झोडपणं सुरू केलं. डाव्या छपऱ्यायवरून लोकायले काय दिसलं तर लुंगीवाल्याच्या तोंडावर चपला पडून राहिल्या, अन् मारणारा कोण, तर आपल्या गल्लीतला रुखमाबाईचा लहानू. उजवीकडच्यायले दिसलं का धोतरवाल्याले मुसलमानाचा पोट्टा झाडूनं बडवून राहिला. सात हाताचा पुतळा, बाई. एका बाजूनं दुसरी बाजू दिसतच नाही. ज्यानं त्यानं आपलाच माणूस मार खाताना पायला.

पहिली वीट डावीकडून आली का उजवीकडून, हे देवाले माहीत. ती लहानूच्या कानशिलावर बसली. तो पडला, त्याच्यावर बडग्या पडला. जाळासाठी आणलेला रॉकेलचा डबा तिथंच सांडला अन् कोण्या हरामखोरानं काडी ओढली. लहानू खाली होता. त्याची माय रुखमाबाई रस्त्याच्या कडेलेच उभी होती. तिले चार बायायनं धरलं, तिनं एकीच्या हाताचा लचका तोडला.

मंग आपल्यायनं रज्जाक टांगेवाल्याले धरलं. त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तो सवारी सोडून वापस येत होता. त्याले टांग्यातून ओढलं अन् डोकं चाकाच्या आऱ्यायत घालून घोड्याले चाबूक मारला. मी माह्या लाकडायच्या ढिगामागं होतो. डोळे मिटले तरी आवाज ऐकू आला. घोड्याले कोणी मारलं नाही. तो दोन दिवस कर्फ्यूत रिकामा टांगा घेऊन फिरत होता, पोलीसही त्याले अडवत नव्हते.

दोघं मेले, तीसेक दवाखान्यात आहेत. सतरा घरं जळाली. आमचं घर वाचलं.

तो बडग्या तसा करायलेच नको होता. कोणाच्या डोक्यातून निघालं ते आता उकरून काही फायदा नाही. कपडे नबीनं शिवले होते, त्याच्यावर लोक चिडून आहेत.

तू काळजी करू नको.

रुपराव

*

मौदा
७ सप्टेंबर १९७३

रुपरावले आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू जिवंत आहे, एवढं वाचून देवापुढं दिवा लावला. मंग बसून पुन्हा वाचलं. पोट भरून रडली. लहानूले मी गोधडीत पायला होता.

पण एक विचारते. घोड्याचं तू लिहिलं, पोलिसायचं लिहिलं. नबीचं एका ओळीत गुंडाळलं. तुह्या भिंतीच्या पलीकडे राहते तो. त्याचं घर वाचलं का? हमीदाबी कुठं आहे? लोक चिडून आहेत म्हणजे काय करून राहिले? अन् लोक त्याच्यावर चिडतात तेव्हा तू काय म्हणतो?

लवकर लिही.

प्रयागबाई

*

नागपूर
१७ सप्टेंबर १९७३

बाईले दंडवत.

इकडे आता शांत आहे. दुकानं उघडली. काल रविवारी समिती बसली, पोलीस साहेबही आले होते. म्हणे, दोन्ही बाजूनं समझोता करा, नाही तर मी शंभर जण आत टाकतो. आधी लय तणातणी झाली. भैयाजी म्हणे वीट तिकून आली, हाजीसाहेब म्हणे काडी इकून पडली. मंग कोणी तरी म्हटलं का कपडे तर नबीनंच शिवले. हाजीसाहेब म्हणे, आमच्या टोपीवर चपला पाडल्या त्यानं. भैयाजी म्हणे, आमच्या धोतरावर झाडू. समिती बसल्यापासून पहिल्यांदा दोन्हीकडचं एकमत झालं.

कागद लिहिला गेला. पुतळ्याचे कपडे नबी टेलरनं समितीले न विचारता शिवले, त्याच्यावर दोन्ही समाजाचा रोष आहे, त्यानं मोहल्ला सोडावा. सगळ्यायनं सह्या केल्या. नवव्या नंबरवर माही आहे. न करतो तर मी एकटाच उरलो असतो. तूच सांग, एका माणसानं गाव सोडून जर शेकडो लोक वाचत असतीन, तर काय वाईट आहे?

नबी तसाही आधीच निघून गेला होता. शनिवारी. कुठं गेला माहीत नाही. त्याचं दुकान जळालं. भिंत मधी होती म्हणून माह्यं वाचलं.

रुपराव

*

मौदा
२१ सप्टेंबर १९७३

रुपराव,

नबी माह्या घरी आहे.

मंगळवारी दुपारी आले दोघं. भंडारा रोडनं पायदळ, दिवसा झाडाखाली बसून, तीन दिवस. हमीदाबीच्या डोक्यावरचा पदर हलला तेव्हा दिसलं का अर्धे केस मुळासकट उपटले आहेत. कोणी उपटले? तुह्या गल्लीतल्या बायायनं, अन् पहिली रुखमाबाई. तिले मी काही म्हणत नाही, तिचं लेकरू जळालं. नबीचा सदरा पाठीले चिकटला होता. कोमट पाणी घालून घालून काढला. खाली त्याच्याच इस्त्रीचा डाग. कोळसे भरून, पुरी इस्त्री, नाकासकट उमटली आहे. हे त्याच्या बिरादरीच्या चौघायनं केलं. त्यायचं झाल्यावर दुकान पेटवलं ते आपल्या पोट्ट्यायनं. तुमच्या समितीच्या आधीच एकमत झालं होतं, तुम्ही फक्त कागद केला.

तीन दिवस तापात होता. मी मुद्दाम विचारलं, बडग्याचं डोकं कोणाचं? म्हणे, "छोडो बाई, हो गया." दुसऱ्यांदा विचारलं तर उलटं मलेच विचारते, "रुप्याले काही लागलं तर नाही ना? त्याच्या लाकडात आग गेली असती तर थांबली नसती." मी चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबला.

मंग पेटी उघडली. तुही सारी पत्रं मी ठेवते, तुले माहीत नसन. बावीस ऑगस्टचं काढलं. डोकं सारं माह्यं एकट्याचं, असं तू लिहिलं आहे. नबी काय म्हणे तेही लिहिलं आहे, शब्दाले शब्द. त्याले मी पत्राचं सांगतलं नाही.

ते पत्र याच पाकिटात वापस करून राहिली. तुहं आहे, तू घे. तीस तारखेले रविवार आहे. माडीवर उभा राहा अन् ते साऱ्या मोहल्ल्यासामने वाच, टाळ्या वाजवणाऱ्या समितीले तर माहीतच आहे. जाळायचं असन तर जाळ, मी नक्कल करून ठेवली नाही. मले नक्कल लागत नाही, मले पाठ आहे.

प्रयागबाई

*

नागपूर
२५ सप्टेंबर १९७३

बाई,

तुहं पाकीट आलं. माह्यं जुनं पत्र दोन दिवस चुलीपाशी ठेवलं. जाळलं नाही, वाचलंही नाही.

तू तिकडे बसून म्हणतेस वाच. इकडे काय चालू आहे तुले दिसत नाही. लहानूचे दोस्त रोज माह्या दुकानाच्या पाटावर येऊन बसतात. काकाजी म्हणतात मले. त्यायच्यावर रज्जाकची केस आहे. त्यायचं म्हणणं, नबीनं मुद्दाम झगडा लावला म्हणून आमचं डोकं फिरलं. कोर्टात हेच सांगणार आहेत. मी तोंड उघडलं तर त्यायची केस पडते. ते मले सोडतीन का? अन् तिकडचे म्हणतीन, टोपीवर चपला मारायचं डोकं सुताराचं होतं. माही सुमती लग्नाची आहे. मले मारून टाकलं तर तिले कोण पाहीन?

मी वाईट मनानं केलं नव्हतं. तुले तर माहीत आहे. मले फक्त चांगलं करून नाव काढायचं होतं.

नबीले तू तिकडेच ठेव. मी कापड पाठवतो, मशीन घेऊन देतो. पण हे वाचाले लावू नको. तू माही बहीण होय का त्याची?

रुपराव

*

मौदा
२८ सप्टेंबर १९७३

रुपराव,

बहीण तुहीच होय. त्याची असती तर तुले लिहिलंच नसतं, सरळ पोलिसात गेली असती.

तू भितो, ते खोटं नाही. मीही भिऊन राहिली. तुले मारलं तर मी जल्मभर छाती पिटीन, हे तुले सांगून ठेवते. सुमतीले मी माह्या घरी आणीन, तिच्या लग्नाचा घोर तू करू नको. पण नबीनं तरी कोणाचं काय केलं होतं? त्याच्या पाठीवर जे उमटलं ते तुह्या पाठीवरचं होतं. तुह्या जागी त्यानं खाल्लं, अन् तुले लागलं का म्हणून विचारून राहिला.

तो उठून बसते आता. रोजे धरतो म्हणते, मी रागावली तर हसला. सोमवारच्या गाडीनं बालाघाटले साळ्याकडे जातो म्हणे. एकदा गेला का वापस येत नाही. मंग त्या मोहल्ल्यात लेकरायचे लेकरं सांगतीन का नबी टेलरनं दंगा लावला होता.

रविवार परवा आहे. तुह्या भाऊजीले सोमवारी सकाळी तुह्याकडे पाठवते. जिवंत असला तर भेट, मेला असला तर हे तुले खांदा देतीन. यापेक्षा जास्ती मले लिहिता येत नाही.

प्रयागबाई

*

नागपूर, मोठा दवाखाना
९ ऑक्टोबर १९७३

बाईले दंडवत.

अक्षर पाहून घाबरू नको. हे अक्षर नबीचं होय. मी सांगून राहिलो अन् तो लिहून राहिला. एकाच शाळेत होतो, पण त्याचं अक्षर तेव्हाही चांगलं होतं. माह्या उजव्या हाताले पलस्तर आहे.

वाचलं बाई. मोहल्ला माडीखाली गोळा होता, पुरं वाचलं, वाकड्या शिंगापासून. शिंगाचं आलं तेव्हा दोघं-तिघं हसले, त्यायले वाटलं काही गंमत आहे. "डोकं सारं माह्यं एकट्याचं" पर्यंत आलो तर कोणी हलत नव्हतं. नबी काय म्हणे ते वाचताना थांबलो. भैयाजी म्हणे, बस झालं रुपराव, बसून घे. मी म्हटलं, नाही, मधीच सोडलं तर ही ओळ माह्या घशात राहीन. मंग माही सही असलेला समितीचा कागद मागितला. नवव्या नंबरवर आडवी रेघ मारली.

माडीवरून उतरताना मारलं. उजवा हात लहानूच्या दोस्तायनं मोडला, माह्याच दुकानातल्या फळीनं. म्हणे, काकाजी, तुम्ही आम्हाले फासावर चढवलं. मी वरडत रस्त्यावर आलो तर डावीकडून दुसरे आले. टोपीवर चपला मारतो काय बे, म्हणून डाव्या तीन बरगड्या. दोन्हीकून मार बसला, बडग्यावानी. एकच गोष्ट वेगळी, कोणी जाळलं नाही. हाजीसाहेब मधी पडले. त्यायची दाढी रक्तानं भरली, ते रक्त माह्यंच होतं. भैयाजी माडीवरून उतरले नाहीत.

सोमवारी भाऊजी आले तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. डोळे उघडले तर भाऊजी, अन् त्यायच्यामागं हा उभा. बालाघाटची गाडी सोडून आला. मी म्हटलं, नबी, तुले तर माहीत होतं का डोकं माह्यं होतं, तू कोणाले सांगतलं काहून नाही? तर म्हणे... तो लिहीत नाही बाई, हात थांबवून बसला आहे. लिही म्हणतो तर लिहीत नाही. राहू दे.

पोलीस कागद घेऊन गेले, तुह्या पेटीतला. साक्ष द्यावी लागन. देतो. समिती मोडली. आठ जणायनं सह्या खोडल्या म्हणतात, बाकीच्यायनं नाही. नबीचं दुकान राख आहे, पण भिंत उभी आहे. यंदा दिवाळी अन् ईद लागूनच आहे, शिवणाचं काम पडलं असतं, पण त्याच्याकडे कापड टाकणार कोण? कोणी टाकत नाही अजून. सुमतीनं टाकलं, एक परकर.

आज दुपारी रुखमाबाई आली होती. लहानूची माय. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मले विचारलं, दोन बाजू कोणाच्या डोक्यातून निघाल्या? मी म्हटलं, माह्या. तिनं माह्या तोंडावर थुंकलं. मी पुसलं नाही. मंग तिनं पदराखालून डबा काढला अन् तो नबीच्या हातात दिला. मले नाही. त्याले म्हणे, तुह्या बायकोचे केस मी उपटले होते. एवढंच म्हणून निघून गेली.

आता थकलो. बाकी नबी लिहीन.

*

बाई, सलाम. मी नबी.

ये सो गया समझके लिहून राहिलो, पण झोपला नाही, डोळे मिटून पडला आहे. त्यानं विचारलं होतं, मी सांगतलं काहून नाही. मी म्हटलं होतं, सांगणारा मी कोण, ज्याचं डोकं त्यानं सांगावं. एवढंच होतं. त्याले रडू आलं म्हणून लिहिलं नाही.

हमीदाले तुह्याकडे राहू दे दिवाळीपर्यंत. इथं अजून वाटेनं चालताना मागं पाहावं लागते.

रुखमाबाईचा डबा माह्या मांडीवर आहे. जवारीची भाकर अन् वांग्याची भाजी असन, वास येऊन राहिला. माहा रोजा आहे. याले म्हटलं, तू जेवून घे, तुह्यासाठी काढून देतो, सकाळपासून नुसत्या चहावर आहे. तर नाही म्हणते. म्हणे डबा तुले दिला, तू उघडशील तेव्हा दोन घास दे.

खिडकीतून ऊन अजून भिंतीवर आहे. अर्धा घंटा बाकी आहे. दोघं बसून आहो.

नबी